पाना ही शिक्षा नाही

पालकहो,

मार्च संपत आला की आपल्या पाथरीत घरोघरी कूलर बाहेर निघतात. कुणाचा माळ्यावरून, कुणाचा जिन्याखालून, कुणाचा गच्चीवरच्या पत्र्याखालून. धूळ झटकली जाते, टाकीत चार बादल्या पाणी पडतं, बटण दाबलं जातं आणि बऱ्याच घरांत तिथंच घोडं अडतं. पंप पाणी उचलत नाही, नाहीतर पंख्याची मोटार नुसती गुणगुणते. मग मिस्त्रीला फोन. त्या आठवड्यात मिस्त्री म्हणजे गावातला सगळ्यात मोठा माणूस! या धांदलीत घरातलं लेकरू कूलरभोवती घुटमळत असतं. "पप्पा, मी उघडू का?" असं विचारतं. आपलं उत्तर ठरलेलं असतं : "तू अभ्यासाला बस. हे तुझं काम नाही."

आज मला या उत्तराबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. मी शिक्षक आहे, विज्ञान शिकवतो. त्यामुळे "अभ्यासाला बस" या वाक्याशी माझं भांडण असायचं कारण नाही. भांडण आहे ते दुसऱ्या वाक्याशी. "हे तुझं काम नाही" असं सांगताना आपण लेकराला बरंच काही शिकवून जातो. वस्तू बिघडली की तिच्याकडं बघायचं नाही, माणूस बोलवायचा. तिच्या आत काय आहे हे कळणं आपल्या वाट्याचं नाही. आणि जो ती उघडतो, तो आपल्यापेक्षा खालचा. शेवटचं आपण सहसा बोलून दाखवत नाही, पण लेकरं न बोललेलंही ऐकतात.

कधी कधी तर बोलूनही दाखवतो. "नीट शिक, नाहीतर गॅरेजवर टाकीन." "मार्क पडले नाहीत तर आयटीआयला जावं लागेल." "माझ्यासारखा पाना धरत बसशील." ही वाक्यं डॉक्टरांच्या घरात ऐकू येतात, शिक्षकांच्या घरात येतात, आणि सगळ्यात जास्त लागतात ती खुद्द मेकॅनिकच्या घरात. ज्या बापाच्या हातांनी घर उभं राहिलं, तोच बाप स्वतःच्या हातांकडं बोट दाखवून लेकराला भीती घालतो. त्यामागची माया मला कळते. उन्हातान्हात गाडीखाली झोपून काढलेली वर्षं, उधारीवर केलेली कामं, ग्रीसनं काळी झालेली नखं लेकराच्या वाट्याला येऊ नयेत, एवढंच त्याला म्हणायचं असतं. लेकराच्या कानावर मात्र वेगळंच पडतं : हातात हत्यार येणं ही नापास होण्याची शिक्षा आहे.

ही शिकवण आजची नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. तिफण मोडली की सुतार, विळ्याची धार गेली की लोहार. तरी सुगीत बलुतं मागायला त्यांनाच खळ्याच्या कडेला उभं राहावं लागे. हाताचं काम जातीला बांधलं गेलं, आणि जात खालची मानली म्हणून कामही खालचं ठरलं. बलुतं गेलं, खळी गेली, मनातली उतरंड मात्र अजून जागेवर आहे. ती हलवायला मोठ्या भाषणाची गरज नाही. रविवारी सकाळी बाप लेकराबरोबर खाली बसला आणि दोघांनी मिळून मिक्सर उघडला, तरी तिला धक्का बसतो.

तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडं जागा कुठं आहे? परदेशात घराला जोडून मोटारीची खोली असते, मोटार बाहेर उभी करून तिथं लोक छंदाच्या कामाचं टेबल मांडतात. आपल्याकडं तशी खोली नाही, हे खरं. पण जुन्या माळवदाच्या घरात ओसरी आहे, नव्या घरात जिन्याखालची जागा आहे, गच्चीवर पत्र्याचं शेड आहे, शेतातल्या आखाड्यावर खोली आहे. दोन-तीन हात लांबीची जाड फळी, तिच्यावर नीट उजेड पडेल असा दिवा आणि भिंतीला खिळे ठोकून टांगलेली हत्यारं, एवढ्यात भागतं. हत्यारंही मोजकीच लागतात : एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस, पक्कड, टेस्टर, हातोडी, पान्यांचा छोटा संच, कानस, मोजपट्टी, छोटी करवत आणि तेलाची बाटली. ती विकत घ्यायला जाताना लेकराला बरोबर न्या. दोन पाने त्याच्या हातात देऊन फरक बघू द्या. हलक्या प्रतीचा पाना नटाचे कोपरे खातो आणि मग चांगला पानाही तिथं बसत नाही. म्हणून हत्यारं कमी घ्या, पण धड घ्या. मोडीत निघालेल्या वस्तूंमधले स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा, वायरीचे तुकडे ठेवायला बिस्किटांचे रिकामे डबे पुरतात. कोणता डबा कशाचा, हे लिहून चिकटवायचं काम घरातल्या सगळ्यात लहान लेकराला द्या.

सुरुवात सायकलीपासून करा. सायकलीचं सगळं यंत्र उघड्यावर असतं. पायडल मारलं की साखळी कशी ओढते, ब्रेक दाबला की रबर रिमला कसं घासतं, हे झाकण न काढता दिसतं. विजेचा धोका नाही. आणि काम जमलं की नाही हे लगेच कळतं. पंक्चर काढण्यात एक मोठा धडा दडलेला आहे. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, ती जागा घासून खरबरीत करायची, सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग ठिगळ दाबायचं. थांबण्याची ही दोन मिनिटं लेकरांना फार जड जातात. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ लावलं की ते उद्या निघतं, आणि हे सांगून पटत नाही, एकदा निघालं की पटतं. पण खरा धडा पुढं आहे. ट्यूब परत बसवण्याआधी टायरच्या आतून बोटं हळू फिरवायची. बाभळीचा काटा तिथंच रुतून बसलेला असतो. तो काढला नाही तर ठिगळ कितीही पक्कं असो, संध्याकाळी सायकल पुन्हा बसते. बिघाड झाकणं वेगळं आणि बिघाडाचं कारण काढणं वेगळं, हे इतक्या स्वस्तात दुसरीकडं कुठं शिकायला मिळेल?

सायकलीनंतर नळ. टपटप गळणाऱ्या नळात बहुतेक वेळा वॉशर झिजलेला असतो. आधी वरचा कॉक बंद करायचा, मग नळ खोलायचा. हा क्रम एकदा चुकला की लेकरू भिजतं आणि आयुष्यभर विसरत नाही. टेफ्लॉनची पांढरी टेप आट्यांवर कोणत्या बाजूनं गुंडाळायची, यात डोकं चालवावं लागतं. नळ ज्या दिशेनं आवळायचा त्याच दिशेनं ती गुंडाळली तर घट्ट बसते, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटत येते.

मग मिक्सर. कितीतरी मिक्सर दुकानापर्यंत जातात आणि तिथं उलटे करून बुडाचं छोटं बटण दाबलं की चालू होतात. ते ओव्हरलोडचं बटण. भांड्यात जास्त माल कोंबला की मोटार तापते आणि जळू नये म्हणून ते आपोआप सुटतं. प्लग काढलेला मिक्सर उलटा करून लेकराला ते शोधायला लावा, आणि ते का ठेवलं असेल हेही विचारा. बिघाड त्या बटणाचा नसेल तर बऱ्याचदा आतले कार्बन झिजलेले असतात. फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या त्या दोन काळ्या कांड्या घासून घासून बोटाच्या पेराहून लहान होतात. नव्या आणि जुन्या कांड्या शेजारी ठेवून दाखवल्या की घर्षणाचा धडा फळ्यावर काढायला नको.

तेरा-चौदा वर्षांचं लेकरू कूलरला हात लावू शकतं, अर्थात तुम्ही शेजारी असताना आणि प्लग बाहेर काढल्यावर. आपल्या बोअरचं पाणी जड. उन्हाळाभर तेच पाणी ताट्यांवरून फिरतं, वाफ होतं आणि क्षार मागं ठेवून जातं. पांढरे थर ताटीच्या गवतावर बसतात, पंपाच्या जाळीत बसतात, पाणी सोडणाऱ्या नळीच्या छिद्रांत बसतात. पंप "गेला" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याची जाळी नुसती बुजलेली असते. जाळी काढून ब्रशनं घासली, छिद्रं सुईनं मोकळी केली की पाणी पुन्हा ताटीभर झिरपतं. हे करता करता विचारा : कूलरची हवा गार का लागते? पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४४ अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी असते, म्हणून वाफ झपाट्यानं होते. जुलैत हवेतच ओल असते, वाफ फारशी होत नाही, आणि तोच कूलर नुसता चिकचिक करतो. मुंबईच्या घरांत कूलर फारसे का दिसत नाहीत, याचं उत्तरही लेकरू मग स्वतःच देतं. पंख्याची मोटार गुणगुणते पण फिरत नाही, अशा वेळी कपॅसिटर कमजोर झालेला असण्याची शक्यता मोठी. मिस्त्री त्याला कंडेन्सर म्हणतात. पण तो बदलायचं काम लेकराचं नाही, कारण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. ते मिस्त्रीनं करावं, लेकरानं बघावं.

आता थोडं आपल्याबद्दल. दुरुस्तीच्या कामात लेकरांपेक्षा पालकांनाच धीर कमी पडतो. पेचकस वाकडा धरला की आपण तो हिसकावून घेतो. "दे इकडं, तू आटे घालवशील." स्क्रूचे आटे गेले तर पाच-दहा रुपयांचा स्क्रू जाईल, पेचकस हिसकावला तर लेकराची उमेद जाईल. आपले हात मागं बांधून, फक्त प्रश्न विचारत बसायचं, हे जमलं की अर्धं काम झालं. प्रश्न साधेच ठेवा. ही वस्तू चांगली असताना काय करत होती? आता काय करत नाही? ती बंद पडण्याआधी काही आवाज, वास, उष्णता जाणवली होती का? डॉक्टर रोग्याला विचारतात तेच हे प्रश्न. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत वस्तू उघडायची नाही, हा घराचा नियम करा. उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढायचा, आणि निघालेले स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं ताटलीत मांडायचे. जोडताना शेवटचा स्क्रू आधी.

आणि वस्तू दुरुस्त झालीच नाही तर? होणारच नाही, असं बऱ्याचदा होईल. म्हणून सुरुवातीला ज्या वस्तूची आशा सोडली आहे तीच द्या. बंद पडलेली टॉर्च, गजराचं घड्याळ, जुना रेडिओ, खेळण्यातली मोटार. ती आणखी बिघडली तर कुणाचं काही जात नाही. उघडून पाहिलं आणि जमलं नाही, तर वहीत लिहून ठेवा : काय उघडलं, काय दिसलं, कुठं अडलो. ही वही शाळेतल्या कुठल्याही प्रकल्पवहीपेक्षा खरी असते, कारण तिच्यात बाजारातून आणून चिकटवलेलं काही नसतं.

एक गोष्ट मुलींच्या पालकांना निराळी सांगतो. मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. पोरी त्या जोरावर खेड्यांतून शाळेत येऊ लागल्या, ही मोठी गोष्ट. पण साखळी उतरली की ती बसवतो भाऊ, पंक्चर काढून आणतात वडील, आणि दोघंही घरी नसले की पोरीची शाळा बुडते. साखळी बसवायला दोन मिनिटं लागतात आणि हाताला थोडं तेल. ते तिला शिकवा. आईचं शिवणयंत्र तर घरातला सगळ्यात नेमका चालणारा यंत्राचा नमुना आहे. सुईची आणि खालच्या बॉबिनची वेळ जुळली नाही तर टाका पडत नाही. ज्या माऊल्या वर्षानुवर्षं हे यंत्र स्वतः उघडून, तेल घालून, पट्टा बदलून चालवतात, त्यांना आपण मेकॅनिक म्हणत नाही. म्हणायला हवं, आणि मुलांनाही त्यांच्या शेजारी बसवायला हवं.

आता धोक्याचं बोलतो, आणि इथं मात्र मी कडक आहे. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात, विदर्भात कूलरचा धक्का लागून माणसं दगावतात, त्यात लेकरंही असतात. लोखंडी पेटी, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंगचा पत्ता नाही, असं सगळं एकत्र आलं की दुसरं काय होणार? म्हणून कूलरला हात लावताना, पुसताना आणि त्यात पाणी भरतानाही नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसू नका, ती तिसरी पिनच जीव वाचवते. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी हे काम करत नाही, त्याचं काम वायर जळू न देणं एवढंच. दुरुस्तीचा कोपरा मांडायच्या आधी हा खर्च करा.

काही वस्तू लेकरांनी उघडायच्याच नाहीत. मायक्रोवेव्ह आणि जुना डब्यासारखा टीव्ही, कारण प्लग काढल्यावरही त्यांच्यात जीवघेणी वीज साठून असते. इन्व्हर्टरची बॅटरी, कारण तिच्यात आम्ल असतं आणि पेट घेणारा वायू निघतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी, कारण टोचली तर पेटते. घराच्या विजेवर चालणारा एलईडी बल्ब, कारण त्याच्या आतल्या सर्किटला घरची वीज थेट भिडलेली असते. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर. ग्राइंडर आणि वेल्डिंग. गॅसची शेगडी आणि रेग्युलेटर. गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडायच्या, विजेचं बटण दाबायचं नाही आणि १९०६ वर फोन करायचा. आणि फवारणीचा पंप. आपला भाग कापसाचा. नोझल बुजलं की ते तोंडानं फुंकून साफ करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले, ते विसरू नका. त्या पंपाला लेकरांचा हात नको, आणि कुणाचंच तोंड नको.

उरलेले नियम छोटे आहेत. कामाच्या वेळी पायात चप्पल नव्हे, बूट. कानशीनं घासताना, ठोकताना डोळ्यांवर चष्मा. सैल ओढणी, लोंबत्या बाह्या नकोत. लेकराला १० आणि १६ व्या वर्षी मिळणारी धनुर्वाताची, म्हणजे टीडीची, लस दिली आहे की नाही हे बघा. आणि कुणाला विजेनं धरलंच तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडानं माणसाला दूर लोटायचं आणि १०८ ला फोन करायचा. हे लेकरांना पाढ्यांसारखं पाठ करून घ्या.

काही पालकांच्या मनात अजून शंका असेल : या सगळ्यानं मार्क वाढतील का? खरं सांगतो, लगेच वाढतीलच असं नाही. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेच्या परिणामांचा धडा आहे. त्यातला फ्यूज आणि अर्थिंग ज्यानं घरच्या बोर्डावर पाहिलं आहे, त्याला ते समजायला सोपं जातं, एवढं मी वर्गात बघतो. पण मार्कांसाठी हे करू नका. दुरुस्ती करणारं लेकरू अडचणीसमोर रडत बसत नाही, ती उलटसुलट करून बघतं. ही सवय पुढं दवाखान्यात, बँकेत, शेतात, संसारात, कुठंही कामी येते.

ज्यांच्या नावाचे पंप आपल्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. जन्म १८६९ चा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना, जीव सगळा चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, त्यांनी पैशांची सोय केली आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तिथं लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, यांत्रिक रेखाटन राहिलं. त्या बळावर आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली, आणि फावल्या वेळात ते तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळत राहिले. भावांनी बेळगावात सायकलींचा धंदा मांडला, पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते असं तेव्हाच्या शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे नांगर खपायला वेळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या गोष्टीत लक्ष्मणरावांइतकेच मला रामूअण्णा महत्त्वाचे वाटतात. घरात एका माणसानं "जा, कर" म्हटलं, म्हणून पुढचं घडलं.

आणखी एक नाव पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएच. डी. करून आलेले शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीतल्या संशोधन विभागातलं काम सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली, नापास झालेली मुलं तिथं वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, बांधकाम, शेती असं सगळं हातानं करत शिकू लागली. याच धर्तीवर पुढं महाराष्ट्रातल्या काही माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला मिळाला. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेनं आपल्या संस्थेबाहेर सुरुवातीला ज्या फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायच्या कार्यशाळा, काढल्या, त्यांतली एक २००२ मध्ये पाबळला आली. पाना धरणारं मूल मागं राहतं, असं म्हणणाऱ्यानं पाबळला एकदा जाऊन यावं.

तुम्हाला स्वतःला यातलं काही येत नसेल, तर अडून बसू नका. गावात उस्ताद आहेत. मोटार भरून देणारे, शिवणयंत्र नीट करणारे, सायकलवाले चाचा, फर्निचरवाले मिस्त्री. कामाची गर्दी नसताना तासभर लेकराला बसून बघू द्याल का, असं विचारा. आपल्या हुनराबद्दल कुणी आदरानं विचारलं की माणूस भरभरून सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ जाऊन काम शिकावं, असं सुचवलेलं आहे. पालकसभेत हा विषय तुम्ही काढा, शाळेला एखादा उस्ताद मिळवून द्या. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करायची पुस्तकं मराठीत आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. ज्या घरात हत्यारं घ्यायला पैसे नाहीत, तिथं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडेही पुरतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

मात्र शिकायला पाठवणं आणि कामाला लावणं यातली रेघ पुसू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजवर मजुरीला ठेवणं हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवताच येत नाही. स्वतःच्या दुकानात हातभार लावायचा तरी तो शाळा सुटल्यावर आणि धोक्याचं काम सोडून. हातात पाना द्यायचा तो आवडीनं, पोट भरायला नव्हे. अभ्यासही हवा आणि पानाही हवा, असं मी म्हणतो. एकासाठी दुसरं सोडायला सांगत नाही.

मेकॅनिक, वायरमन, सुतार, वेल्डर असलेल्या बापांना शेवटी हात जोडून विनंती करतो. लेकराला डॉक्टर करा, इंजिनिअर करा, तुमची स्वप्नं मोठीच असू द्या. पण ती सांगताना तुमच्या हातांची निंदा करू नका. ज्या हुनरावर तुम्ही घर चालवलं, ते हुनर लेकराला शिकवा. पुढं ते त्याच्या पोटाला उपयोगी पडेल न पडेल, पण बापाचं काम त्याला हलकं वाटणार नाही.

आणि बाकीच्यांनी येत्या रविवारी घरातली एखादी बंद पडलेली वस्तू फळीवर घ्यावी. प्लग काढावा, पेचकस लेकराच्या हातात द्यावा, आणि पुढचा तासभर आपले हात मागं ठेवावेत.